सातजणांची एकजूट



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून जातात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते धान्यबाजारात, पोत्याला पाठ टेकून, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात झाले. म्हणून चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही विचारले, की आमच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे? ते म्हणाले, "तीस वर्षे माणसे जमवता आहात, ती टिकवता कशी तेवढे सांगा." विषय ठरला तो असा : समविचारी माणसांच्या लहान गटात एकजूट आणि निष्ठा कशी निर्माण करावी.

विषय कामगार संघटनेचा वाटला तरी तो तेवढ्यापुरता नाही. येथे बसलेल्यांपैकी कोणी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असेल, कोणी भजनी मंडळात, कोणी महिलांच्या बचत गटात, कोणी पतसंस्थेत. या सर्व संस्था पाच-दहा माणसांच्या बळावर चालतात. फलकावर नावे पन्नास असतात. सतरंजी झटकणारे सात असतात. त्या सातजणांविषयी आज बोलावयाचे आहे.

हा सातचा आकडा आम्ही उगाच घेतला नाही. १९२६ साली आपल्या देशात कामगार संघटनांचा कायदा झाला. संघटनेची नोंदणी करावयाची तर अर्जावर किमान सातजणांच्या सह्या हव्यात, असे त्या कायद्याने ठरविले. २००१ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली. आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद हवेत, असे झाले. परंतु तेव्हाही सातच्या खाली जाता येणार नाही हे कायम राहिले. सातपेक्षा कमी असतील तर ती मित्रांची बैठक होय. सात असतील तर संस्था उभी राहू शकते, असेच जणू कायद्याने मानले.

आमच्या सात सह्या १९९३ साली एका कडुनिंबाखाली झाल्या. चौघे हमाल, दोघे भातगिरणीतले कामगार आणि एक तोलाईवाला. दोघांनी अंगठे उठविले. नागपूरला कागद पोहोचवायला एस. टी.चे भाडे वर्गणी करून काढले. त्या दिवशी आम्हांला असे वाटले, की आता आमच्यात कोणी फूट पाडू शकणार नाही. सगळे एका विचाराचे, एका पोटाचे, एकाच ओझ्याखाली वाकलेले. चौथ्या महिन्यात बैठकीला तिघे येऊ लागले.

मालकाने कोणाला फोडले नव्हते. पोलिसांनी कोणाला दटावले नव्हते. मग चौघे गेले कुठे? एकाला बैठकीचा दिवस कळत नसे. एकाला वाटे, आपण अंगठेबहाद्दर, आपले कोण ऐकणार. एकाच्या घरी आजारपण होते आणि सहांपैकी कोणी फिरकले नव्हते. चौथा म्हणाला, "भाऊ, तुम्ही दोघं चहाच्या टपरीवर सारं ठरवता, मंग आम्हांले काहून बोलावता?" ही चार उत्तरे आम्हांला मिळाली आणि आमचे खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले. विचार एक असला म्हणजे माणसे एक होतात, हा आमचा पहिला गैरसमज होता.

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांधलेले शेकडो तलाव या भागात आहेत. त्या तलावांच्या पाण्यावर गावाचा भात पिकत असे. पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे आणि कोणाच्या नंतर, याची पाळी ठरलेली असे. गावात फार प्रेम नांदत होते म्हणून हे चालले, असे कोणी समजू नये. मालगुजारी होती, जुलूम होता, जातीची उतरंड होती, भांडणे तर होतीच. तरीही पाळ दुरुस्त होई आणि पाणी शेवटच्या बांधीपर्यंत जाई, कारण काम ठरलेले होते आणि ते कोणाचे हेही ठरलेले होते. पुढे १९५०-५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. ती जावयासच हवी होती, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तलाव सरकारकडे गेले. मात्र पाळीची आणि दुरुस्तीची जबाबदारी तितक्या नेटाने कोणाच्या अंगावर आली नाही. ठिकठिकाणी गाळ साचला, पाळी फुटल्या. माणसे तीच होती, गाव तेच होते. कामाची वाटणी मोडली तेव्हा एकजूटही सैल झाली. एकजूट मनात असते असे आपण म्हणतो. आमच्या मते ती आधी हाताला लागते, मग मनात जाते.

आता थोडे इतिहासाकडे पाहू. समविचारी लहान गट म्हटला की आपल्या महाराष्ट्रात पहिले उदाहरण आठवते ते पुण्याचे. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले; लवकरच आगरकर येऊन मिळाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. सरकारी नोकरीत मोठे वेतन मिळविण्याची पात्रता असलेल्या माणसांनी तुटपुंज्या वेतनावर आजीव सभासद म्हणून काम करण्याचे पत्करले. यापेक्षा समविचारी, यापेक्षा त्यागी गट कोठे शोधावा? तरीही १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. आणि १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचाच राजीनामा दिला.

सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा वाद आपण शाळेत शिकतो. परंतु सोसायटीच्या आतला वाद पाहिला तर त्यात आणखी एक साधी, घरगुती वाटणारी गोष्ट सापडते. आजीव सभासदाने बाहेरून प्राप्ती करावी की नाही? संस्थेच्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला वेळ द्यावा की नाही? टिळकांचे म्हणणे, सर्व वेळ संस्थेचा. इतरांचे म्हणणे, संसार आहे, थोडी मोकळीक हवी. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. आमच्यासारख्या हमालाला त्यातून एवढेच कळते, की तुरुंगात एकत्र बसलेली माणसेसुद्धा पैशाचा आणि वेळेचा नियम सर्वांना एकसारखा कळलेला नसेल तर एकत्र राहू शकत नाहीत. आणि दुसरे असेही कळते, की संस्था माणसांहून वेगळी उभी केलेली असेल तर मोठी माणसे गेल्यावरही ती टिकते. फर्ग्युसन कॉलेज टिळकांच्या राजीनाम्याने बंद पडले नाही. आणि टिळकांनीही शिक्षणावरचा विश्वास सोडला नाही.

त्याच सोसायटीत गोपाळ कृष्ण गोखले होते. ती फूट त्यांनी जवळून पाहिली होती. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा सभासदाने घ्यावयाच्या सात प्रतिज्ञा ठरविल्या. त्यांत देश प्रथम ही प्रतिज्ञा होती हे ओघानेच आले. पण दोन प्रतिज्ञा आम्हांला विशेष वाटतात. संस्था जी तरतूद करील तीत समाधान मानीन आणि स्वतःसाठी द्रव्य मिळविण्यात शक्ती खर्च करणार नाही, ही एक. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही, ही दुसरी. ज्या भेगेतून आधीचे घर गळले होते, ती भेग नव्या घराच्या पायातच बुजविण्याचा हा प्रयत्न होता, असे आम्ही समजतो. वैयक्तिक भांडण ही लहान गटाची वाळवी आहे. मोठ्या संस्थेत दोघे बोलेनासे झाले तर बाकीच्यांना कळतही नाही. सातजणांत दोघे बोलेनासे झाले की उरलेल्या पाचांना बाजू घ्यावी लागते.

या भारत सेवक समाजातूनच नारायण मल्हार जोशी कामगार चळवळीत आले. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. १९२९ मध्ये आयटकचे अधिवेशन आपल्या शेजारी नागपूरला भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. सरकारने नेमलेल्या कामगार आयोगावर बहिष्कार टाकावा की नाही, यासारख्या प्रश्नांवर अधिवेशन दुभंगले. जोशी स्वतः त्या आयोगाचे सभासद होते. ते आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी वेगळा संघ काढला. पुढे १९३८ मध्ये त्याच नागपुरात पुन्हा जुळते घेण्याचे ठरले आणि १९४० मध्ये एकत्रीकरण पुरे झाले. अकरा वर्षे गेली! परंतु परत येता आले, याचे कारण जाताना एकमेकांच्या अब्रूवर कायमचा डाग लावला गेला नव्हता. दार लोटले गेले, पण त्याला खिळे ठोकले गेले नाहीत. हा मुद्दा ध्यानात ठेवा. आम्ही त्याकडे पुन्हा येणार आहोत, कारण तेथेच आमची चूक झाली.

केवळ संख्येच्या मागे लागणाऱ्यांसाठीही इतिहासात धडे आहेत. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला. १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नाने. आज आपली मुले रविवारी खेळतात, तेव्हा या माणसाची आठवण व्हावयास हवी. पण त्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, असा शेरा त्या काळच्या सरकारी अहवालात मारलेला आहे. शेरा मारणारे कामगारांचे हितचिंतक नव्हते. तरी १८९७ मध्ये लोखंडे वारले आणि त्यांच्यामागे ती संघटना उभी राहिली नाही, हेही खरे. पुढे १९२८ च्या मोठ्या संपात गिरणी कामगार युनियन निघाली. सुरुवातीला काहीशे सभासद. वर्ष संपताना पन्नास हजारांच्या वर! मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पुढारी पकडले गेले, त्या वर्षीचा दुसरा संप फसला आणि ती प्रचंड संख्या बघता बघता ओसरली. पुराचे पाणी तलावात साठवायचे तर आधी पाळ हवी. ती पाळ म्हणजे प्रत्येक खात्यात, प्रत्येक वस्तीत एकमेकांना ओळखणारी पाच-सात माणसे.

आता आमच्या घराजवळचे सांगतो. आमची आई विड्या वळीत असे. या जिल्ह्यात तेंदूची पाने आणि विडीचे काम किती घरांनी पाहिले आहे हे आपणांस सांगावयास नको. रात्री पाने भिजत घालायची, सकाळी कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायची, पंचविसांचा कट्टा बांधायचा आणि संध्याकाळी सट्टेदाराकडे नेऊन द्यायचा. तो त्यातून छाट काढी. छाटीतल्या विडीचे पैसे नाहीत, आणि विडीही परत नाही. आई काही बोलत नसे. गल्लीतली कोणतीच बाई बोलत नसे. प्रत्येकीला वाटे, आपल्याच विड्या वाईट असतील. घरोघर एकएकटे बसून काम करणाऱ्याला आपले दुःख हा आपलाच दोष वाटतो. हे एकटेपण मालकाच्या फार उपयोगाचे असते. कायद्यालाही या बाया दिसत नव्हत्या. सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार, त्याचे मजूर हे कारखान्याचे कामगार नव्हेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मध्य प्रदेशातील एका विडी प्रकरणात दिला होता. घरी बसून विडी वळणाऱ्यालाही कामगार म्हणणारा स्वतंत्र कायदा १९६६ मध्ये झाला. कायदा झाला तरी तो आमच्या गल्लीत पोहोचायला एकीने दुसरीला विचारावे लागले, "बाई, तुही छाट किती निघाली?" आमच्या गल्लीतली पहिली संघटना ती. सहा बाया, एक ओटा, आणि रोजची छाट एका पाटीवर लिहिणारा एक पोरगा. तो पोरगा आम्ही होतो.

केरळातील कण्णूरच्या विडी कामगारांची हकीकत आम्ही पुढे वाचली, तेव्हा त्या ओट्याची आठवण झाली. तेथे विडीच्या खोलीत एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि बाकीचे वळत. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून प्रत्येकजण आपल्यातल्या थोड्या विड्या त्याच्या वाट्याला टाकी. १९६६ चा कायदा लागू करण्याची वेळ येताच तेथील मोठ्या विडी मालकांनी कारखाने बंद केले, सुमारे बारा हजार कामगार बेकार झाले. १९६९ मध्ये सरकारच्या मदतीने कामगारांनी आपली सहकारी संस्था काढली, ती केरळ दिनेश विडी. बंद कारखान्यातून सहकारी संस्था निघाली, ती एका रात्रीत निघाली असे कोणी समजू नये. वाचणाऱ्यासाठी वर्षानुवर्षे विड्या बाजूला काढण्याची सवय त्या हातांना होती. निष्ठा म्हणतात ती हीच. रोज थोडेसे दुसऱ्यासाठी बाजूला काढणे, आणि ते मोजून काढणे.

मंडळी, येथवर दुसऱ्यांच्या गोष्टी झाल्या. त्या सांगणे सोपे असते. आता आमची चूक सांगतो.

१९९७ मध्ये हमालीच्या दरासाठी आम्ही एका भातगिरणीसमोर संप केला. गिरणीचे नाव घेत नाही. त्या गोष्टीत दोष आमचा आहे, गिरणीचा नव्हे. संप एकोणीस दिवस चालला. संपकऱ्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून गावोगाव फिरून आम्ही तांदूळ आणि पैसे गोळा केले. लोकांनी हात आखडला नाही. गोळा झालेले आम्ही वाटत होतो; मनाला येईल तसे, घाईघाईने, समोर येईल त्याला. तेराव्या रात्री बैठक होती. पोटात अन्न नव्हते आणि डोक्यात राग होता. त्या बैठकीत आमच्या सातांपैकी एकजण उठला आणि म्हणाला, "भाऊ, वाटपाची वही दाखवा."

आम्ही काय म्हणावे? आम्ही म्हणालो, "तुला मालकानं पाठवलं काय?"

कोणी काही बोलले नाही. त्याने खिशातले पावतीपुस्तक काढले, सतरंजीवर ठेवले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाजारात सगळीकडे झाले, की तो मालकाचा माणूस. आम्ही तसे सांगितले नाही. पण खोडूनही काढले नाही. त्या वेळी आम्हांला बरेच वाटले. सहाजण अधिकच घट्ट झालो. संप थोडाफार यशस्वी झाला, दरात वाढ मिळाली, आमच्या गळ्यात हार पडले.

महिनाभराने हिशेब मांडावयास बसलो तेव्हा कळले, की वही नव्हतीच. चार चिठ्ठ्या होत्या. चोरी एका पैशाची झाली नव्हती. परंतु एका गल्लीत तांदूळ दोनदा गेला होता आणि त्याच्या वस्तीतल्या दोन विधवा बायांच्या घरी एकदाही गेला नव्हता. त्या बाया हमालांच्या मागे सांडलेले धान्य झाडणाऱ्या. त्यांचे नाव संपकऱ्यांच्या यादीत नव्हते, काम मात्र आमच्याबरोबरच बंद होते.

आम्ही त्याच्याकडे जावयास हवे होते. गेलो नाही. सात-आठ वर्षे गेलो नाही. पुढारपणाची शरम फार हट्टी असते. शेवटी गेलो. तो दारात भाताच्या पेंढ्या रचीत होता. त्याने बसायला बाज दिली, त्याच्या घरच्या बाईंनी चहा दिला. आम्ही म्हणालो, चुकले. तो म्हणाला, "चोरी झाली असं मी म्हनलोच नाई, भाऊ. वही मागितली होती. कोनाच्या घरी पोचलं नाई, ते पाहाचं होतं." मग तो पावसाविषयी बोलू लागला. तो संघटनेत परत आला नाही. भेटला की रामराम करतो. त्याने आम्हांला क्षमा केली आहे असे आम्हांला वाटते. पण सहीच्या सातव्या जागी पुढे ज्याचे नाव आले, त्याला तो कोणाच्या जागी बसला आहे हे आम्ही दर वेळी सांगतो.

त्या रात्री आमच्यात एकजूट नव्हती काय? होती, फार होती. सहाजण एका आवाजात गप्प बसलो. यालाच लोक निष्ठा म्हणतात, आणि येथेच लहान गटाला मोठा धोका असतो. बाहेरच्याशी लढताना आतल्या प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू ठरविणे फार सोपे जाते, आणि तसे ठरविले की क्षणभर गट अधिक घट्टही होतो. ती घट्टपणाची गोडी वाईट. आज वही मागणारा जातो, उद्या दुसरा, आणि मग उरतात ते एकमेकांना बिचकणारे लोक. त्यांना गट म्हणता येत नाही. ती टोळी होय.

निष्ठा कोणावर, हा प्रश्न म्हणून आधी सोडवावा लागतो. या जिल्ह्याने त्याचे एक मोठे उदाहरण पाहिले आहे. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते आणि प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी. मतदारसंघ दोन जागांचा होता, प्रत्येक मतदाराला दोन मते होती. आपल्या माणसांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे वाया घालवावे, म्हणजे त्यांची जागा निघेल, असा हिशेब कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो मानला नाही, दोन्ही मते द्या असे सांगितले, अशी आठवण जुनी मंडळी सांगत आली आहेत. निवडणुकीत अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. ज्या माणसाने राज्यघटनेच्या मसुद्याचे काम केले, त्याने मत वाया घालवा असे कसे सांगावे? आपल्या गटाचे हित आणि गट ज्यासाठी काढला ते तत्त्व, यांत निवड करण्याची वेळ आली तर काय करावे, याचा हा वस्तुपाठ आपल्या मातीतला आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. समविचारी म्हणून आपण जे जमतो ते पुष्कळदा समजातीय असतो. एका आळीचे, एका पंगतीचे. अशी एकजूट आयती मिळते, म्हणून तिची परीक्षा कधी होत नाही. आमच्या सातांत पाच जातींची माणसे होती. पहिल्या बैठकीत पाण्याचा लोटा फिरला तेव्हा दोघांनी तहान नाही म्हटले. सहाव्या बैठकीपर्यंत सर्वांना तहान लागू लागली. त्यासाठी भाषण कोणी केले नाही. लोटा मात्र एकच ठेवला.

इतक्या वर्षांनी जे नियम आम्ही पाळतो, ते थोडक्यात सांगून रजा घेतो. त्यांत नवे काही नाही.

बैठकीचा वार आणि वेळ ठरलेली असावी आणि दोघे आले तरी ती सुरू व्हावी. भजनी मंडळात बुवा नसले तरी एकादशी चुकत नाही. वर्गणी थोडी असावी, पण सर्वांची असावी आणि पावतीशिवाय नसावी. पुढाऱ्याची पावती आधी फाडावी. मागच्या बैठकीचा वृत्तान्त मोठ्याने वाचावा, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही काय ठरले ते कळते. जे बैठकीत ठरायचे ते टपरीवर ठरवू नये. कामे पाळीने द्यावीत. चाव्या एकाकडे, वही दुसऱ्याकडे, पैसे तिसऱ्याकडे; आणि वर्षाने बदल. मतभेद असेल त्याने बैठकीत बोलावे, सर्वांनी ऐकावे, ठरल्यावर मात्र त्यानेही हात लावावा. त्याचे मत वृत्तान्तात लिहून ठेवावे, कारण उद्या तेच खरे ठरू शकते. सभासद दोन बैठकींना आला नाही तर नोटीस पाठवू नये, त्याच्या घरी जावे. आजारपण, मुलीचे लग्न, शेतातली नासाडी, बहुधा काहीतरी निघते. आणि जो सोडून जाईल त्याच्याविषयी वाईट बोलू नये. नागपुरात तुटलेले अकरा वर्षांनी जुळले ते एवढ्याच आधारावर.

आणि वही. वही सतरंजीच्या मधोमध उघडी ठेवावी. कोणी मागण्याची वाट पाहू नये. आमच्या बैठकीत आता वहीच आधी मांडली जाते, मग माणसे बसतात. नवा पोरगा विचारतो, "काका, वही मधात काहून ठेवता?" तेव्हा आम्ही त्याला ती तेरावी रात्र सांगतो. आमची फजिती सांगितल्याने आमचा मान कमी झाला असेल. पण तो पोरगा पुढच्या बैठकीत हिशेब विचारतो, आणि विचारून आमच्याच शेजारी बसतो.

आपण आज घरी जाल तेव्हा आपापल्या मंडळातला असा एखादा माणूस आठवून पाहा, जो प्रश्न विचारून निघून गेला. त्याचे घर बहुधा लांब नसेल. आमच्याप्रमाणे सात-आठ वर्षे लावू नका.